बूट आता पायातच राहतात. मग प्रीचेक घ्यायचं की ग्लोबल एंट्री?

८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने विमानतळावर बूट काढायची सक्ती उठवली. २००६ पासून चाललेली ती कसरत, एका पायावर उभं राहून लेस सोडायची आणि मोज्यांनी थंडगार फरशीवर चालायचं, एका दिवसात संपली. लोक प्रीचेक, म्हणजे पैसे भरून मिळणारी हलक्या तपासणीची सवलत, घेत होते ते मुख्यतः या जाचातून सुटायला. त्यामुळे नव्याने अमेरिकेत आलेले आता हमखास विचारतात, की साध्या रांगेतही बूट पायातच राहणार असतील तर ८० डॉलर कशाला घालवायचे?

माझं मत आधीच सांगतो. दोन-तीन वर्षांतून एकदा तरी भारतात जात असाल तर ग्लोबल एंट्री (परतताना इमिग्रेशनची रांग टाळणारं सदस्यत्व) घ्या, नुसतं प्रीचेक घेऊ नका. अमेरिकेतल्या अमेरिकेतच पण वारंवार उडत असाल तर प्रीचेक अजूनही परवडतं. वर्षातून एखादाच देशांतर्गत प्रवास असेल तर काहीच नको. क्लिअर ही तिसरी, खासगी सेवा बहुतेकांना लागत नाही. हे पटलं तर पुढच्या पायऱ्या बघा, नाही पटलं तर का म्हणतो तेही खाली आहेच.

१. आधी तीन नावांचा गोंधळ सोडवा

प्रीचेक ही टीएसए या विमानतळावर तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेची योजना. २०११ साली ती काही विमान कंपन्यांच्या नेहमीच्या प्रवाशांपुरती सुरू झाली आणि २०१३ च्या अखेरीस सर्वसामान्यांना अर्ज करता येऊ लागला. विमानात चढण्यापूर्वीची सुरक्षा तपासणी हलकी होते, एवढाच तिचा संबंध. सदस्यत्व पाच वर्षांचं.

ग्लोबल एंट्री सीबीपीची, म्हणजे सीमेवर पासपोर्ट तपासणाऱ्यांची. परदेशातून अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनची लांबलचक रांग टळते. हीदेखील पाच वर्षांची आणि तिच्यात प्रीचेक आपोआप मिळतं. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते आणि ते दोन्हींचे पैसे भरतात.

क्लिअर ही खासगी कंपनी. डोळे, बोटांचे ठसे किंवा चेहरा वापरून तुमची ओळख पटवते आणि ओळखपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या रांगेत तुम्हाला पुढे नेऊन सोडते. त्यापुढे बॅगची तपासणी इतरांसारखीच. प्रीचेक नसेल तर क्लिअर असूनही लॅपटॉप सहसा बाहेर काढावाच लागतो. वर्षाला २०० डॉलरच्या आसपास, तेही दर वर्षी. दर आठवड्याला कामासाठी फिरणाऱ्याला आणि ज्याचा खर्च कंपनी देते त्याला ठीक आहे.

२. बूट सोडले तर उरतं काय?

साध्या रांगेत आजही पट्टा आणि जाकीट काढावं लागतं, पातळ पदार्थांची पिशवी बाहेर ठेवावी लागते आणि लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये. काही विमानतळांवर नवी सीटी स्कॅनर यंत्रं आहेत, तिथे लॅपटॉप बॅगेतच ठेवा म्हणतात. पण कुठल्या रांगेत कुठलं यंत्र आहे ते तिथे पोचल्यावरच कळतं. प्रीचेकमध्ये यातलं काहीच काढायचं नसतं आणि बहुतेक वेळा हात वर करून उभं राहायच्या स्कॅनरऐवजी साध्या मेटल डिटेक्टरमधून जाता येतं. दोन लॅपटॉप, टॅबलेट आणि कडेवर मूल अशा अवस्थेत हा फरक चांगलाच जाणवतो.

वेळेचं म्हणाल तर टीएसएचं स्वतःचं माप असं आहे: प्रीचेकला १० मिनिटांच्या आत, साध्या रांगेला ३० मिनिटांच्या आत. प्रीचेकचे सदस्य मात्र २०२४ मध्येच २ कोटींच्या पुढे गेले. सोमवारी सकाळी कामासाठी निघालेल्यांची गर्दी सगळी प्रीचेकच्याच रांगेत असते. अशा वेळी शेजारची साधी रांग पुढे सरकताना बघत उभं राहावं लागतं. २०२५ च्या शटडाउनमध्ये, म्हणजे निधीअभावी सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा, १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस, टीएसएचे कर्मचारी बिनपगारी राबत होते. माणसंच कमी आली की कुठलंही सदस्यत्व फारसं कामाला येत नाही.

म्हणून देशांतर्गत तपासणीत वाचणारा वेळ आता पूर्वीइतका मोठा राहिला नाही. खरा वेळ जातो तो परतीच्या प्रवासात. पंधरा-सोळा तास बसून उतरलात, त्याच तासात आणखी चार मोठी विमानं उतरली आणि पुढचं विमान दोन तासांनी आहे. ग्लोबल एंट्रीचं यंत्र तुमच्या चेहऱ्याचा फोटो घेतं, अधिकारी बहुधा नाव विचारतो आणि जाऊ देतो. मी पैसे मोजायला सांगतो ते यासाठी.

३. तुमचा दर्जा काय आहे ते बघा

इथेच बहुतेकांचा निर्णय होऊन जातो.

एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा अवलंबितांच्या व्हिसावर असाल तर प्रीचेकचा थेट अर्ज करताच येत नाही. तो नागरिक, यूएस नॅशनल (अमेरिकन सामोआसारख्या ठिकाणी जन्मलेले) आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. पण भारतीय नागरिकांना २०१७ पासून ग्लोबल एंट्री खुली आहे. म्हणजे व्हिसावरच्या मराठी माणसाला प्रीचेकचा रस्ता ग्लोबल एंट्रीतूनच जातो.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर दोन्ही पर्याय आहेत. शिवाय मोबाइल पासपोर्ट कंट्रोल नावाचं सीबीपीचं मोफत अॅप वापरता येतं. उतरल्यावर फोनवर माहिती भरायची आणि वेगळ्या रांगेत जायचं. चार-पाच वर्षांतून एकदाच भारतात जाणाऱ्याने आधी हे फुकटचं वापरून बघावं. एच-१बीवाल्यांना मात्र ते चालत नाही.

४. कागदपत्रं गोळा करा

प्रीचेकसाठी नागरिकाला चालू पासपोर्ट पुरतो, ग्रीन कार्डधारकाला ग्रीन कार्ड. नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्रासारखा पुरावा.

ग्लोबल एंट्रीसाठी:
- चालू पासपोर्ट, आणि व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर तोही
- ग्रीन कार्ड किंवा व्हिसा व स्टेटसचे कागद
- ड्रायव्हिंग लायसन्स
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा: लीज, वीजबिल किंवा बँकेचं स्टेटमेंट (लायसन्सवरचा पत्ता जुना असेल तर हे लागतंच)
- गेल्या पाच वर्षांतले पत्ते, नोकऱ्या आणि गेलेले देश यांची यादी

ही यादी अर्जाला बसण्याआधी करून ठेवा. फॉर्म मध्येच विचारतो आणि दोन नोकऱ्यांमध्ये महिन्याची फट राहिली तर पुढे सरकत नाही. दोन महिने घरी बसला असाल तर तेही भरायचं.

५. अर्ज करा, पण खऱ्या ठिकाणी

गूगलवर शोधलंत की वरचे दोन-तीन दुवे जाहिरातींचे असतात. हुबेहूब सरकारी रंगरूपाची पानं, आणि तुमची माहिती घेऊन वर सेवाशुल्क उकळणारी. खऱ्या सरकारी पत्त्याचा शेवट डॉट गव्ह असाच होतो. प्रीचेकला टीएसएच्या पानावरून सुरुवात करा, ग्लोबल एंट्रीला सीबीपीच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम्सच्या पानावरून. प्रीचेकसाठी पहिल्यांदाच नाव नोंदवताना कुणी केंद्रावर जाण्याआधीच ऑनलाइन पैसे मागितले तर तिथेच थांबा.

प्रीचेकची प्रक्रिया सोपी आहे. ऑनलाइन फॉर्म, मग नोंदणी केंद्रात दहा मिनिटं, बोटांचे ठसे, फोटो, पैसे. बहुतेकांना तीन ते पाच दिवसांत सदस्य क्रमांक येतो, काहींना ६० दिवसही लागतात. तीन कंपन्यांना हे काम दिलेलं आहे आणि त्यांचे दर थोडे वेगवेगळे आहेत, ते बघून केंद्र निवडा.

ग्लोबल एंट्रीला धीर लागतो. लॉगिन डॉट गव्हवर खातं, मोठा फॉर्म आणि १२० डॉलर (१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत १०० होते). अर्ज नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. त्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी. भारतीय पासपोर्ट असेल तर इथे एक जादा पायरी आहे: पासपोर्ट सेवेमार्फत ग्लोबल एंट्रीसाठीच्या पडताळणीचा वेगळा अर्ज करावा लागतो. सीबीपीकडे पैसे भरले की काम झालं असं समजून लोक महिनोन् महिने वाट बघत बसतात आणि ही पायरी केलेलीच नसते. दोन्ही अर्जांत नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि पत्ता अक्षरशः सारखा ठेवा.

अटक, खटला, दारू पिऊन गाडी चालवल्याची केस, कस्टम्सचा जुना दंड, काहीही असेल तर लिहा, प्रकरण निकाली निघालेलं असलं तरीही. जुनी गोष्ट काही वेळा माफ होते, लपवलेली होत नाही.

६. मुलाखतीची तारीख मिळत नसेल तर

सशर्त मंजुरी आली की मुलाखत. मोठ्या शहरांत तारखा मिळणं मुश्कील. उपाय असा: भारतातून परत येताना उतरलात की तिथेच मुलाखत देता येते, वेळ घ्यावी लागत नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांपैकी बऱ्याच ठिकाणी ही सोय आहे. निघण्यापूर्वी सीबीपीच्या यादीत आपला विमानतळ आणि त्यांच्या वेळा बघा, आणि रांगेत शिरण्याआधीच तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा की तुम्हाला ग्लोबल एंट्रीची मुलाखत द्यायची आहे.

फक्त वर दिलेली सगळी कागदपत्रं केबिन बॅगेत हवीत. पत्त्याचा पुरावा घरी कपाटात राहिला तर ही संधी हुकते. पुढचं विमान तासाभरात असेल तर या भानगडीत पडू नका.

मुलाखत म्हणजे पाच-दहा मिनिटांची बातचीत. काय काम करता, कुठे कुठे जाता, कधी अटक झाली का, कस्टम्सचा दंड झाला का. ठसे, फोटो, संपलं.

७. नाव! इथे सगळे अडकतात

मंजुरी मिळाली, तरी बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं, नावाची जुळणी.

आपल्या पासपोर्टात दोन रकाने असतात. आडनाव एकात, आणि दुसऱ्यात स्वतःचं नाव व त्यामागे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. अमेरिकन फॉर्म मात्र पहिलं, मधलं आणि शेवटचं असे तीन रकाने देतो. कुणी वडिलांचं नाव पहिल्यात जोडतं, कुणी मधल्यात टाकतं, कुणी गाळूनच टाकतं. लायसन्सवर आणखी तिसराच प्रकार. लग्नानंतर पासपोर्ट बदलला आणि ग्रीन कार्ड माहेरच्या नावाचं राहिलं, तर चौथा. टीएसए तुमचं नाव, जन्मतारीख आणि सदस्य क्रमांक तिकिटावरच्या माहितीशी ताडून बघते. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढंसं कारणही पुरतं.

म्हणून नियम एकच ठेवा: पासपोर्टाप्रमाणे अर्ज आणि अर्जाप्रमाणे तिकीट. बोर्डिंग पासवर तुमचं आणि वडिलांचं नाव मधली जागा न सोडता चिकटून छापलेलं दिसेल. घाबरू नका, विमान कंपन्यांची यंत्रणाच तशी छापते.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. प्रीचेकवाल्यांना मिळतो तो नोन ट्रॅव्हलर नंबर. ग्लोबल एंट्रीत कार्डामागचा नऊ अंकी पासआयडी हाच तो क्रमांक. तो प्रत्येक विमान कंपनीच्या खात्यात एकदा भरून ठेवा. तरीही एजंटकडून किंवा तिसऱ्याच संकेतस्थळावरून तिकीट काढलं तर क्रमांक गळतो, तेव्हा बुकिंग उघडून खात्री करा. ग्लोबल एंट्रीचं कार्ड दाखवून प्रीचेकच्या रांगेत कुणी सोडत नाही. बोर्डिंग पासवर खूण हवी म्हणजे हवी. खूण नसेल तर निघण्यापूर्वी विमान कंपनीला फोन करून माहिती दुरुस्त करून घ्या आणि बोर्डिंग पास नव्याने काढा. तपासणीच्या दारातला अधिकारी यात काही करू शकत नाही.

सगळं बरोबर असूनही कधीतरी खूण येत नाही, कारण काही प्रवाशांना मुद्दाम, कुठलाही क्रम न ठेवता, साध्या रांगेत पाठवलं जातं. सगळ्याच विमान कंपन्या योजनेत नाहीत हेही लक्षात ठेवा. मुंबईहून निघताना पुढच्या देशांतर्गत विमानाचा बोर्डिंग पास तिथेच छापून मिळतो आणि त्यावर बऱ्याचदा खूण नसते. अमेरिकेत उतरल्यावर सामान घेऊन पुन्हा जमा केलं की दुसऱ्यांदा तपासणी होते. त्याआधी त्या कंपनीच्या अॅपवर किंवा काउंटरवर नवा पास काढा.

८. पैसे कुणी भरायचे?

प्रवासाची बरीच क्रेडिट कार्डं चार-साडेचार वर्षांतून एकदा हे शुल्क परत देतात. तुमच्याकडे कुठलं आहे ते आधी बघा. यात एक खोच आहे. बहुतेक कार्डं पहिल्या खर्चालाच परतावा देतात. आधी प्रीचेक घेतलंत आणि दोन महिन्यांनी ग्लोबल एंट्री घ्यावीशी वाटली, तर दुसरे पैसे खिशातून. नवरा-बायकोकडे दोन वेगळी कार्डं असतील तर एकेकाचा अर्ज एकेका कार्डावर भरा. कार्डधारकाचाच अर्ज असावा अशी अट सहसा नसते.

कार्ड नसलं तरी हिशेब सोपा आहे. प्रीचेक वर्षाला साधारण १६ डॉलर, ग्लोबल एंट्री २४.

९. मुलं आणि आई-बाबा

१२ वर्षांपर्यंतची मुलं प्रीचेकवाल्या आई-वडिलांसोबत त्याच रांगेतून जाऊ शकतात. १३ ते १७ वयाची मुलं एकाच बुकिंगमध्ये असतील आणि त्यांच्याही पासवर खूण आली तर जातात.

ग्लोबल एंट्रीत असं चालत नाही. तान्ह्या बाळालाही स्वतःचं सदस्यत्व लागतं, नाहीतर सगळं कुटुंब साध्या रांगेत. सुदैवाने १ ऑक्टोबर २०२४ पासून आई किंवा वडील सदस्य असतील किंवा सोबतच अर्ज करत असतील, तर १८ खालच्या मुलांना शुल्क नाही. घरातल्या सगळ्यांचे अर्ज एकाच वेळी करा.

भेटीला येणाऱ्या आई-बाबांसाठी एवढा खटाटोप करू नये असं मला वाटतं. पडताळणी, मुलाखत, सगळं दोन वर्षांतल्या एका फेरीसाठी. त्यापेक्षा तिकिटातच व्हीलचेअर मागून ठेवा. तुमच्याकडे ग्लोबल एंट्री असली तरी त्यांना तुमच्या रांगेत नेता येत नाही. देशांतर्गत प्रवासात वय ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर हलकं जाकीट अंगावर ठेवू देतात. जास्त मदत हवी असेल तर टीएसए केअर्स या सेवेला प्रवासाच्या ७२ तास आधी फोन करता येतो.

१०. सदस्यत्व खाऊमुळेही जातं

ग्लोबल एंट्रीवाल्यांना कस्टम्स ढिलं सोडतं असा एक गोड गैरसमज आहे. उलट त्यांच्याकडून जास्त शिस्तीची अपेक्षा असते. हापूस, कढीपत्ता, ओला नारळ, गावाकडचं बियाणं बॅगेत निघालं आणि सांगितलेलं नसलं, तर दंड होऊ शकतो, शिवाय सदस्यत्वही जाऊ शकतं आणि ते परत मिळवणं जिकिरीचं आहे. खाण्याचं काहीही असेल, अगदी चिवडा-लाडूसुद्धा, तर 'आहे' म्हणून सांगा. सांगितलेल्या वस्तूबद्दल फार तर ती काढून घेतात.

तपासणीतही प्रीचेकने नियम बदलत नाहीत, फक्त पिशवी बॅगेतून काढावी लागत नाही. १०० मिलिलिटरची मर्यादा आहे तशीच आहे, आणि लोणचं, तूप, श्रीखंड हे सगळं त्यांच्या लेखी पातळच. पावडरीचंही तसंच. केबिन बॅगेतला भाजणी किंवा गोड्या मसाल्याचा ३५० मिलिलिटरपेक्षा मोठा डबा उघडायला लावू शकतात. घरून पाठवलेल्या बरण्या चेक-इनमध्ये टाका.

११. रिअल आयडी आणि पुढची देखभाल

७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानासाठी रिअल आयडी (केंद्र सरकारच्या निकषांत बसणारं ओळखपत्र) असलेलं लायसन्स किंवा त्याऐवजी चालणारं ओळखपत्र लागतं. प्रीचेकने यातून सूट मिळत नाही. १ फेब्रुवारी २०२६ पासून असं ओळखपत्र नसणाऱ्यांना ओळख पटवून घ्यायला ४५ डॉलर मोजावे लागतात. भारतीय पासपोर्ट चालतो. ग्लोबल एंट्रीचं कार्डही चालतं, म्हणजे लायसन्स साधंच असेल तर हे कार्ड पाकिटात ठेवा.

ग्लोबल एंट्रीचं सदस्यत्व संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदतीच्या आत अर्ज गेला असेल तर निकाल येईपर्यंत, जास्तीत जास्त २४ महिने, ग्लोबल एंट्रीच्या सवलती चालू राहतात. मुदत उलटून गेल्यावर केलात तर नाही. प्रीचेकचं नूतनीकरण बहुतेकांचं ऑनलाइनच होतं आणि थोडं स्वस्तही पडतं.

नवा पासपोर्ट आला की खात्यात लगेच क्रमांक बदला, नाहीतर यंत्र तुम्हाला ओळखत नाही. नाव बदललं किंवा अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तर मात्र ऑनलाइन भागत नाही. नवा पासपोर्ट आणि नाव बदलल्याचे कागद घेऊन नोंदणी केंद्रात जावं लागतं. तिथल्या वेळा फोन करून विचारा आणि पुढचं भारताचं तिकीट काढण्याआधी हे उरकून घ्या.